हाडांत पसरलेला स्तनाचा कर्करोग: रुग्णाची वेदना आटोक्यात कशी ठेवावी

स्तनाचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरतो तेव्हा बहुतेक वेळा तो हाडांत जातो, विशेषतः पाठीचे मणके, कंबरेची हाडे, बरगड्या आणि मांडीचे हाड यांत. तिथली वेदना सोसलीच पाहिजे असे मुळीच नाही. तपासणीला जाण्यापूर्वी दुखण्याची जागा, शून्य ते दहाच्या मापावर त्याची तीव्रता, रात्री झोपमोड होते का आणि उभे राहिल्यावर किंवा कूस बदलताना कळ वाढते का, हे वहीत लिहून ठेवावे, कारण स्वस्थ पडल्यावरही ठणकणारे हाड आणि फक्त भार पडल्यावर दुखणारे हाड यांवरचे उपाय वेगळे असू शकतात.

वेदनाशामक औषध दुखू लागण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्यावे. सौम्य वेदनेत पॅरासिटामॉलने काम भागते. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या हाडांच्या दुखण्यावर गुणकारी असल्या तरी मूत्रपिंड आणि जठर यांना त्या अपाय करू शकतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या सुरू करू नयेत. वेदना तीव्र असेल तर मॉर्फिन हेच योग्य औषध आहे. ‘मॉर्फिन म्हणजे शेवट’ ही समजूत घरोघरी आढळते आणि तिच्यापायी कितीतरी स्त्रिया विनाकारण तळमळत राहतात, याचे फार वाईट वाटते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते, आणि हे औषध आयुष्याच्या अखेरीसाठी राखून ठेवायचे नसते. मॉर्फिनची साधी, म्हणजे लगेच परिणाम करणारी गोळी सहसा दर चार तासांनी देतात. मधेच कळ आली तर देण्यासाठी जादा मात्राही लिहून घ्यावी, जी साधारणपणे दिवसभराच्या एकूण मात्रेच्या सहाव्या हिश्श्याएवढी असते. बद्धकोष्ठ जवळजवळ प्रत्येकीला होतो, म्हणून पहिल्या दिवसापासूनच रेचक सोबत द्यावे. 2014 साली अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिन मिळवण्याची प्रक्रिया सुटसुटीत करण्यात आली, तरी ते प्रत्येक औषध दुकानात मिळत नाही. त्यामुळे गोळ्या संपण्याच्या बऱ्याच आधी रुग्णालयात जावे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात वेदनाशमन व परिहारक (त्रास कमी करणाऱ्या) उपचारांचा स्वतंत्र विभाग आहे. अन्यत्रही असा विभाग आहे का, हे स्वतःहून विचारावे.

एकाच जागी दुखत असेल तर रेडिएशन प्रभावी ठरते. 8 ग्रेची (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) एकच मात्रा दिली तरी वेदना दहा दिवसांत विभागून दिलेल्या 30 ग्रेइतकीच कमी होते, मात्र एका मात्रेनंतर पुढे कधी पुन्हा रेडिएशन लागण्याची शक्यता अधिक असते. दूरच्या गावाहून येणाऱ्या रुग्णासाठी एका फेरीत काम होणे ही मोठी सोय आहे, म्हणून हा पर्याय आवर्जून विचारावा. पहिल्या काही दिवसांत दुखणे वाढू शकते आणि पूर्ण आराम पडायला कित्येक आठवडे लागतात. तोवर गोळ्या थांबवू नयेत.

हाडांची झीज रोखण्यासाठी झोलेड्रोनिक आम्ल शिरेतून किंवा डेनोसुमॅब त्वचेखाली देतात. त्याआधी दंतवैद्याकडून दात तपासून घ्यावेत आणि काढावयाचे दात आधीच काढावेत, कारण नंतर दात काढल्यास जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका वाढतो. रक्तातील कॅल्शियम आणि मूत्रपिंडाचे कार्यही तपासले जाते.

पायांतील बळ कमी होणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे अथवा पाठीभोवती पट्टा आवळल्यासारखी नवी वेदना होणे ही मज्जारज्जूवर दाब आल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात जावे, कारण चालण्याची शक्ती पूर्ण गेल्यावर ती परत मिळणे फार कठीण असते. अतिशय तहान, मळमळ, गुंगी आणि असंबद्ध बोलणे ही रक्तात कॅल्शियम वाढल्याची खूण असू शकते. हे सारे मॉर्फिनमुळेच होत आहे असे गृहीत न धरता रक्त तपासून घ्यावे. पाय टेकताच मांडीत कळ येत असेल तर रुग्णाला चालवू नये आणि तातडीने एक्स-रे काढावा, म्हणजे हाड मोडण्याआधीच त्यात सळई बसवावी का, हे अस्थिरोगतज्ज्ञ ठरवू शकतील.