डोंगल ड्रॉवरमध्ये, पिन चिठ्ठीवर: माहिती सुरक्षेतल्या या चुका टाळा

"आपल्या गावात कोन येते हॅक कराले?" यवतमाळ-वाशिमकडच्या पतसंस्थेत, ग्रामपंचायतीत, शेतकरी कंपनीच्या ऑफिसात हे ऐकू येतंच. पण चोराला गाव शोधावं लागत नाही, उघडं राहिलेलं कॉम्प्युटर पुरतं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी गेले, तेव्हा पैसे काढणारे कितीतरी देशांत पसरलेले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत नाहीत, म्हणजे तिथली शिस्त संचालकांनीच लावायची.

दोन सह्या, एक हात

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. ई-ग्रामस्वराज या ग्रामपंचायतीच्या हिशेबाच्या सरकारी पोर्टलवर पैसे द्यायचे तर एकाने बिल तयार करायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं, म्हणून ग्रामसेवक आणि सरपंच यांचे डोंगल (डिजिटल सही असलेले पेन ड्राइव्हसारखे यूएसबी) वेगळे. प्रत्यक्षात दोन्ही डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये आणि पिन मॉनिटरला चिकटवलेला. पुढे "हे बिल मंजूर कोणी केलं?" असं कोणी विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. डिजिटल सहीला २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्यता आहे, त्यामुळे उत्तर सरपंचताईंनाच द्यावं लागतं.

रागावून हे सुटत नाही. ताई वावरात असतात, ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं असतात, लाईन आणि नेट एकाच वेळी असेल याचा भरवसा नाही. म्हणून आठवड्यातला एक वार पैसे देण्यासाठी ठरवा, बाजाराचा दिवस सोयीचा. दोघांनी हजर राहायचं, आपापला पिन स्वतः टाकायचा आणि जाताना डोंगल सोबत न्यायचा. पतसंस्थेत व्यवस्थापक आणि रोखपाल यांचे लॉगिनही असेच वेगळे हवेत. कामाच्या वेळापत्रकात न बसणारा नियम आठ दिवसांत मोडतो.

अध्यक्षच नियमाबाहेर

नागपूरच्या सॉफ्टवेअरवाल्याने दिलेलं माहिती सुरक्षेचं इंग्रजी धोरण मासिक सभेत ठराव करून मंजूर होतं आणि फाइलीत जातं. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष फोनवर म्हणतात, "पासवर्ड सांग रे." कर्मचारी धोरण वाचत नाहीत, साहेब काय करतात ते बघतात. एक पान पुरे, मराठीत, आणि अध्यक्षांनी ते सर्वांआधी पाळायचं. त्याच सॉफ्टवेअरवाल्याला एनीडेस्कचा (दुरून आपलं कॉम्प्युटर चालवायच्या सॉफ्टवेअरचा) कायमचा पासवर्ड दिला असेल तर आजच बदला. काम असेल तेव्हा त्याने फोन करावा, आणि तो आत असेपर्यंत कोणीतरी स्क्रीनसमोर बसावं.

बॅकअप आहे, पण उघडत नाही

लाईन अचानक गेली की डेटाबेस बिघडतो. कायम लावून ठेवलेल्या पेन ड्राइव्हमधला बॅकअपही खंडणी मागणारा व्हायरस सोबतच बंद करून टाकतो. दोन ड्राइव्ह आलटूनपालटून वापरा, दोन्हींना पासवर्ड असू द्या, एक ऑफिसबाहेर कुलपात ठेवा. महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर बॅकअप उघडून चार-पाच खात्यांची शिल्लक पासबुकाशी ताडून बघा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तसलं कॉम्प्युटर अजून व्यवहाराला वापरत असाल तर पुढच्या बजेटात तोच खर्च पहिला धरा.

सभासदांचे आधार कार्ड व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवू नका. जिथे चालतं तिथे शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार घ्या.

चूक लपवली जाते

पीएम किसानच्या नावाने आलेली एपीके फाइल (मोबाइलवर ॲप बसवणारी) ऑफिसातल्या पोराने उघडली आणि नोकरी जाईल म्हणून तो संध्याकाळपर्यंत गप्प राहिला. पैसे त्याच वेळात पुढच्या खात्यांत सरकतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते. तेव्हा लगेच सांगणाऱ्यावर कारवाई होणार नाही असा ठराव घ्या आणि तो पाळा. टेबलाजवळ लिहून ठेवा: आधी नेट बंद करायचं (कॉम्प्युटर असेल तर वायर काढायची, मोबाइल असेल तर डेटा बंद), मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, मग आपल्या बँकेच्या शाखेला, आणि अध्यक्षांना त्यानंतर.