अमेरिकेतल्या छोट्या गावातलं जुनं थिएटर शोधायचं कसं

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या गावात जुनं थिएटर नेमकं कुठे होतं आणि पुढे त्याचं काय झालं हे शोधायचं असेल तर सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा, नावाच्या मागे लागायचं नाही, जागेच्या मागे लागायचं. नावं सतत बदलतात. मालक बदलला की नाव बदललं, आग लागून पुन्हा बांधलं की नाव बदललं, आणि कधीकधी उलटंच होतं, म्हणजे मालक जुनं थिएटर बंद करून दोन चौक सोडून नवीन बांधतो आणि नाव तेच ठेवतो, मग पुढच्या पिढीतले लोक सांगतात की लिरिक थिएटर शंभर वर्षं याच इमारतीत होतं आणि प्रत्यक्षात त्या नावाच्या दोन वेगळ्या इमारती निघतात. प्लॉट मात्र जागचा हलत नाही. आयोवातल्या वॉशिंग्टन गावाचं उदाहरण घ्या, तिथल्या थिएटरची जगातलं सगळ्यात जास्त काळ चालू असलेलं सिनेमा थिएटर म्हणून गिनीजमध्ये नोंद आहे, १८९७ मध्ये तिथे पहिल्यांदा चित्रपट दाखवला गेला, पण तेव्हा त्याचं नाव होतं ग्रॅहम ऑपेरा हाऊस आणि आज आहे स्टेट थिएटर. तुम्ही फक्त 'स्टेट' शोधत बसलात तर सुरुवातीचा सगळा काळ हातातून जाणार.

आता तुम्ही शोधताय ते कुठल्या प्रकारचं ठिकाण आहे याचा अंदाज आधी घ्या, कारण प्रत्येक प्रकार वेगळ्या कागदात सापडतो. १९०५ मध्ये पिट्सबर्गला निकेलोडियन सुरू झालं, पाच सेंट तिकीट, आणि बघता बघता गावोगावी कुणीही दुकानाचा गाळा भाड्याने घ्यायचं, खुर्च्या टाकायचं, भिंतीवर पडदा लावायचं. ही ठिकाणं कधी वर्षभर, कधी काही महिनेच टिकली. त्याच काळात ऑपेरा हाऊस, म्हणजे गावातलं नाटक-गाण्यांचं सभागृह, जे बऱ्याचदा दुकानांच्या वरच्या मजल्यावर असायचं, तिथेही चित्रपट दाखवायचे. उन्हाळ्यात उघड्यावर चालणारे एअरडोम होते, त्यांना छप्पर नव्हतं म्हणून इमारतींच्या यादीत ते सापडतच नाहीत. नंतर खास चित्रपटासाठी बांधलेली थिएटरं आली, आणि १९३३ नंतर ड्राइव्ह-इन, म्हणजे गाडीत बसूनच चित्रपट बघायची उघडी थिएटरं, पहिलं न्यू जर्सीत कॅमडेनजवळ.

सुरुवात करायला माझ्या मते सगळ्यात सोपा कागद म्हणजे 'फिल्म डेली इयर बुक'. चित्रपट धंद्याचं हे वार्षिक, त्याच्या १९२० च्या दशकाच्या शेवटापासूनच्या बऱ्याच अंकांत राज्य, मग गाव, मग थिएटरचं नाव आणि खुर्च्यांची संख्या अशी लांबलचक यादी आहे, बंद असेल तर तशी नोंदही आहे. हे अंक स्कॅन होऊन इंटरनेट आर्काइव्हवर आणि मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीत फुकट मिळतात. एकेका वर्षाचा अंक उघडायचा, तुमच्या गावाची ओळ लिहून घ्यायची, पुढच्या वर्षाकडे जायचं. खुर्च्यांच्या आकड्याकडे मुद्दाम लक्ष द्या, नाव बदललं पण खुर्च्या तेवढ्याच राहिल्या तर बहुधा इमारत तीच आहे, आणि नाव तेच राहून आकडा एकदम २५० चा ६०० झाला तर इमारत बदलली असण्याची शक्यता मोठी. हा पुरावा नाही, पण कुठे खणायचं ते कळतं. यादीवर डोळे झाकून विश्वास मात्र ठेवू नका, माहिती जुनी राहायची, बंद पडलेलं थिएटर पुढच्या अंकातही चालू म्हणून छापलं जायचं.

यादीत पत्ता नसतो, आणि पत्त्यासाठी सॅनबॉर्न नकाशांना तोड नाही. ही कंपनी १८६७ पासून आग विम्याच्या कंपन्यांसाठी नकाशे काढायची, जवळपास १२ हजार गावं आणि शहरांचे, एका इंचाला ५० फूट अशा मोठ्या मापात, त्यामुळे प्रत्येक इमारत वेगळी दिसते. रंगीत प्रतीत विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी, दगडी निळी. थिएटरवर 'मूव्हिंग पिक्चर्स' किंवा 'मूव्हीज' लिहिलेलं असतं, कधी नुसतं 'एम. पी.', आणि विमावाल्यांना आगीची काळजी असल्यामुळे स्टेज कुठे आहे, दिवे कसले, गरम करायची सोय कसली हेही बारीक अक्षरात असतं. लायब्ररी ऑफ काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची राष्ट्रीय लायब्ररी, तिच्या साइटवर यातले हजारो नकाशे फुकट बघता येतात, नंतरच्या काळातले काही बघायला लायब्ररीचं कार्ड लागतं. एकाच चौकाचे सगळ्या वर्षांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवून बघा, १९०८ ला तिथे किराणा दुकान, १९१३ ला मूव्हिंग पिक्चर्स, १९२२ ला परत दुकान, असं दिसलं की एका निकेलोडियनचा जन्म आणि मरण दोन्ही तुमच्या चिमटीत आलं. दोन गोष्टींनी फसायला होतं. एक, घरांचे नंबर बऱ्याच गावांनी मधेच बदलले, त्यामुळे जुन्या नकाशातला ११४ नंबर आजच्या ११४ वर शोधू नका, कोपऱ्यापासून कितवी इमारत ते मोजा. दुसरं, कंपनी नवीन नकाशा काढण्याऐवजी जुन्यावरच कागदाचे तुकडे चिकटवून दुरुस्त्या करायची, म्हणून वर १९१५ लिहिलं असलं तरी आतली इमारत पंधरा वर्षांनंतरची असू शकते.

जागा मिळाली की मग वर्तमानपत्रं. क्रॉनिकलिंग अमेरिका ही जुनी वर्तमानपत्रं वाचायची लायब्ररी ऑफ काँग्रेसचीच फुकट सोय आहे, शिवाय कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, न्यूयॉर्क, टेक्सस अशा अनेक राज्यांची स्वतःची संग्रहं आहेत आणि छोट्या गावांची साप्ताहिकं तिथे जास्त सापडतात. शोधताना नुसतं थिएटरचं नाव टाकू नका, 'ऑपेरा हाऊस', 'पिक्चर शो', 'एअरडोम', मालकाचं आडनाव, रस्त्याचं नाव, सगळं टाकून बघा, आणि थिएटर या शब्दाची आर-ई वाली आणि ई-आर वाली दोन्ही स्पेलिंगं टाका. जाहिरातींची अक्षरं नक्षीदार असायची त्यामुळे कॉम्प्युटरला ती वाचता येत नाहीत, म्हणून शोधात काही आलं नाही म्हणजे काही नव्हतं असं धरू नका, संशयाच्या महिन्यांचे अंक एकेक पान उलटून डोळ्याने बघा. कंटाळवाणं काम आहे पण खरा माल इथेच आहे. उद्घाटनाची बातमी तर असतेच, पण गावाच्या कौन्सिलची इतिवृत्तंही वाचा, लायसन्स फी, आणि विशेषतः रविवारी चित्रपट दाखवायचे की नाही यावर झालेली भांडणं आणि मतदान, त्यात मालकाचं नाव, थिएटरचं नाव, कधी पत्ता, सगळं येऊन जातं. शाळेच्या इयरबुकच्या मागच्या पानांवर गावातल्या दुकानदारांच्या जाहिराती असतात, तिथे थिएटर हमखास असतं.

थिएटरवाल्यांचा स्वतःचा आवाज ऐकायचा असेल तर धंद्याची मासिकं बघा. 'एक्झिबिटर्स हेरल्ड'मध्ये १९१६ ला 'व्हॉट द पिक्चर डिड फॉर मी' नावाचं सदर सुरू झालं, पुढे ते 'मोशन पिक्चर हेरल्ड'मध्ये चाललं, त्यात गावोगावचे मालक लिहायचे की अमुक चित्रपटाला गर्दी झाली, तमुक चित्रपटाने पैसे बुडवले, आणि खाली मालकाचं नाव, थिएटर, गाव, राज्य. मला हे सदर फार आवडतं, कारण यादीतल्या एका कोरड्या नावामागे रोज संध्याकाळी दार उघडणारा माणूस होता हे तिथे कळतं. बातम्यांच्या पानांवर कुठलं थिएटर कुणी विकत घेतलं, कुठे आग लागली, कुठे नवीन बांधतायत हे राज्यवार येतं.

नाव हे पत्ता म्हणून कामाचं नसलं तरी काळ ठरवायला उपयोगी पडतं. न्यूयॉर्कचं रॉक्सी थिएटर १९२७ ला उघडलं, ते सॅम्युएल रोथाफेल यांच्या 'रॉक्सी' या टोपणनावावरून, म्हणून छोट्या गावात रॉक्सी दिसलं की ते नाव बहुधा १९२७ नंतर लागलं. न्यूयॉर्कचं स्ट्रँड १९१४ चं, रियाल्टो १९१६ चं, आणि त्यांच्या यशानंतर ही नावं देशभर पसरली. इमारत जुनी असू शकते, पाटी नवीन.

एक बाजू हमखास सुटते ती म्हणजे वर्णभेदाची. दक्षिणेत कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वेगळ्या दाराने, वेगळ्या जिन्याने बाल्कनीत पाठवायचे. मॅरियन पोस्ट वोलकॉट यांनी १९३९ मध्ये मिसिसिपीतल्या बेल्झोनी गावात काढलेला फोटो प्रसिद्ध आहे, त्यात बाहेरच्या जिन्याने वर जाणारा माणूस दिसतो. असा बाजूचा जिना किंवा विटांनी बुजवलेलं दार आजही कुठे दिसलं तर तो इमारतीचा इतिहास आहे, तो टिपून ठेवा. कृष्णवर्णीय वस्तीतली स्वतंत्र थिएटरं गावच्या गोऱ्यांच्या पेपरात कित्येकदा येतच नाहीत, त्यांच्यासाठी 'शिकागो डिफेंडर', 'पिट्सबर्ग कुरियर' असे कृष्णवर्णीयांचे पेपर बघा, आणि 'फिल्म डेली इयर बुक'च्या काही अंकांत अशा थिएटरांची वेगळी यादीही आहे. हे न बघता गावाचा इतिहास पूर्ण झाला असं कृपया म्हणू नका.

आता शेवट काय झाला ते. इथे लोक सगळ्यात जास्त घाई करतात, शेवटची जाहिरात सापडली की त्या तारखेला थिएटर बंद झालं असं लिहून टाकतात. पण पैसे वाचवायला मालक जाहिरात बंद करायचे, उन्हाळ्यात थिएटर बंद ठेवायचे, कधी फक्त शनिवार-रविवार चालवायचे. म्हणून 'अमुक तारखेपर्यंत चालू असल्याचं दिसतं' एवढंच लिहा, आणि बंद झाल्याची बातमी, सामानाचा लिलाव किंवा इमारत विकल्याची नोंद मिळेपर्यंत थांबा. कुठल्या वर्षांत जास्त बारकाईने बघायचं ते ठरवायला धंद्याचा इतिहास कामी येतो. १९२७ ते १९३० मध्ये बोलपट आले, यंत्रं महाग, छोटी थिएटरं तिथेच गळाली. मग मंदी. १९५० च्या दशकात टीव्ही, आणि १९५३ ला सिनेमास्कोप आल्यावर अरुंद हॉलमध्ये रुंद पडदा बसवायचा कसा हा प्रश्न. १९६० आणि ७० च्या दशकांत सरकारी पैशाने गावांचे जुने मध्यभाग पाडून पार्किंग झाले. शेवटचा मोठा धक्का २०१३-१४ च्या आसपासचा, स्टुडिओंनी ३५ एमएम फिल्मच्या प्रिंट देणं थांबवत आणलं आणि डिजिटल प्रोजेक्टरला एका पडद्यामागे ६०-७० हजार डॉलर किंवा त्याहून जास्त लागत होते, काही गावांनी वर्गणी काढून थिएटर वाचवलं, काहींनी कुलूप लावलं. आग कुठल्याही काळात, कारण १९५० च्या सुमारापर्यंत फिल्म नायट्रेटची होती आणि ती भडकायला वेळ लागत नसे.

इमारत कुणाकडून कुणाकडे गेली ते काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कोर्टहाऊसमध्ये खरेदीखतांत सापडतं, विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावाने सूची असते, आजच्या मालकापासून एकेक पायरी मागे जा. बऱ्याच काउंट्यांचे प्लॉटचे नकाशे ऑनलाइन आहेत, पण त्यात लिहिलेलं बांधकामाचं वर्ष बऱ्याचदा अंदाजाने टाकलेलं असतं, ते पुरावा म्हणून वापरू नका. गावचा मुख्य रस्ता नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस या ऐतिहासिक जागांच्या सरकारी यादीत असेल तर तुमचं निम्मं काम झालेलंच आहे, कारण त्या यादीत येण्यासाठी केलेल्या अर्जात रस्त्यावरच्या प्रत्येक इमारतीची माहिती लिहिलेली असते. पाडल्याचं वर्ष विमानातून काढलेल्या जुन्या फोटोंवरून ठरवा, एका फोटोत छप्पर आहे, पुढच्यात मोकळी जागा, म्हणजे त्या दोन तारखांच्या मधे. यूएसजीएस या अमेरिकेच्या सरकारी भूसर्वेक्षण खात्याचे असे फोटो फुकट मिळतात. ड्राइव्ह-इन तर या फोटोंत सगळ्यात छान दिसतात, गाड्या उभ्या करायचे उंचवटे पंख्याच्या घड्यांसारखे जमिनीवर उमटलेले असतात आणि पडदा पाडून किती वर्षं झाली तरी बऱ्याच ठिकाणी शेतात ते ओळखू येतात.

शक्य झालं तर जागेवर जा, नाहीतर गूगलचं स्ट्रीट व्ह्यू आहेच आणि त्यात मागच्या वर्षांचे फोटोही बघता येतात. फर्निचरचं दुकान झालेलं थिएटर ओळखायचं असेल तर बाजूच्या भिंती बघा, लांबच लांब आणि खिडकी नाही. दाराशी आत गेलेला भाग, जमिनीवर टेराझोत (दगडाचे तुकडे घालून घासलेली फरशी) नक्षी किंवा नाव, दर्शनी भिंतीत मार्की, म्हणजे दारावरची चित्रपटाच्या नावाची पाटी, टांगायचे लोखंडी हूक, वर प्रोजेक्शन रूमची बुजवलेली चौकोनी भोकं. आत जायला मिळालं तर जमीन उताराची आहे का किंवा सपाट करण्यासाठी वर लाकडी फ्लोअर टाकलंय का ते विचारा.

गावातल्या म्हाताऱ्या लोकांशी बोलताना 'कधी बंद झालं' असं विचारू नका, वर्षं कुणाला आठवत नाहीत. शेजारी कुठलं दुकान होतं, तिकीट खिडकी डावीकडे की उजवीकडे, शेवटचं तिथे गेलात तेव्हा शाळेत होतात की लग्न झालं होतं, असं विचारा, त्यावरून वर्ष काढता येतं. लायब्ररीला किंवा काउंटीच्या हिस्टॉरिकल सोसायटीला ईमेल करताना 'तुमच्या गावातल्या थिएटरांची माहिती द्या' असं मोघम लिहिलं तर उत्तर यायची आशा कमीच, तेच 'मेन स्ट्रीटच्या या कोपऱ्यावर १९२४ ते १९२९ मध्ये जे थिएटर होतं त्याचा फोटो आहे का' असं लिहिलं तर कपाटातून फाइल काढून स्कॅन पाठवणारी माणसं तिथे बसलेली आहेत, आणि बहुतेक ती हे काम विनामूल्य करत असतात, त्यामुळे आभार माना आणि तुमचं तयार झालेलं टिपण त्यांना परत पाठवा.

नोंदी पहिल्या दिवसापासून एका शीटमध्ये ठेवा, प्रत्येक ओळ म्हणजे एक पुरावा. तारीख, पुराव्यातलं नाव जसंच्या तसं, पत्ता, खुर्च्या, मालक, कुठे सापडलं आणि पान नंबर. तुमचा अंदाज वेगळ्या रकान्यात, पुराव्याच्या रकान्यात कधीच नाही. मग सिनेमा ट्रेझर्सवर तुमच्या गावाचं पान आहे का बघा, २००० पासून चालू असलेली ती जुन्या थिएटरांची साइट आहे, तिथे जुन्या प्रेक्षकांच्या आणि ऑपरेटरांच्या आठवणी सापडतात, त्यातलं वर्ष किंवा पत्ता चुकीचा असेल तर तुमच्याकडचा पुरावा देऊन दुरुस्ती कळवा.