जळगावहून माणूस कामाला पाठवायचा तर

जळगावहून कामासाठी मुंबई, पुणे, नागपूर कुठेही जायचं म्हटलं की मधे एक रात्र येते. सोयीच्या बहुतेक गाड्या आणि ट्रॅव्हल्स रात्री निघतात आणि पहाटे उतरवतात. म्हणून अ‍ॅडमिनच्या खुर्चीवर नव्याने बसणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनाशी धरावी. तिकीट कन्फर्म झालं की आपलं काम निम्मं झालं. पहाटे उतरलेला माणूस आंघोळ करून, पोटात काही घालून साडेदहाच्या मीटिंगला ताज्या तोंडाने बसला की मग ते पूर्ण झालं. मी एमआयडीसीतल्या एका पाइपच्या कारखान्यात हे काम बघते. सेल्सवाले, सर्व्हिसची पोरं, कधी मोठे साहेब, सगळ्यांची जाण्यायेण्याची आणि राहण्याची सोय माझ्याकडे असते. मी ती कशी लावते, ते इथे सांगते.

पहिलं म्हणजे तोंडी सांगणं घ्यायचं नाही. जिन्यात भेटून “ताई, गुरुवारचं मुंबईचं बघा बरं” असं कोणी म्हणालं, तरी त्याला चार ओळींचा मेसेज टाकायला सांगा: काम नेमकं कुठे आहे, तिथे किती वाजता हजर व्हायचं, काम किती वाजता संपेल, सोबत काय सामान आहे. ‘मुंबई’ हा पत्ता होत नाही. अंबरनाथ, डोंबिवली किंवा भिवंडीचं काम असेल तर माणसाला कल्याणला उतरवायचं. तुर्भे, महापे असेल तर ठाण्याला. अंधेरीला जायचं असेल तर दादरला उतरून पश्चिम रेल्वेची लोकल. पहाटेची लोकल रिकामी असते, आठनंतर सॅम्पलची पेटी घेऊन चढणं अवघड. पुण्याचंही तसंच. आपल्याकडच्या बस संभाजीनगर, अहिल्यानगर करत नगर रोडने पुण्यात शिरतात, म्हणजे रांजणगाव एमआयडीसी, वाघोली, खराडी आधीच लागतात. तिथलं काम असलेल्याला शिवाजीनगरपर्यंत नेऊन परत रिक्षाने मागे आणायचं कशाला? आणि चाकणचं काम असेल तर पुणे स्टेशनजवळ खोली घेऊ नका. सकाळच्या ट्रॅफिकमध्ये दीड-दोन तास सहज जातात. भोसरी, मोशी किंवा चाकणातच बघा. सुरतेला सचिन जीआयडीसीत (गुजरातची एमआयडीसी) काम असेल तर उधना जवळ पडतं. आपल्या ताप्ती लाइनच्या (जळगाव-सुरत मार्ग) काही गाड्या उधन्यालाच थांबतात, त्यामुळे तिकिटावर शेवटचं स्टेशन कोणतं आहे ते वाचून घ्या.

नावांची वही ठेवा. खानदेशात ऑफिस म्हटलं की पाटील, चौधरी, महाजन, कोळी यांची रांगच असते, आणि आद्याक्षरंही जुळतात. वहीत प्रत्येकाचं आधारवर आहे तसं पूर्ण नाव, वय, मोबाइल, घरच्या एका माणसाचा नंबर, खालचा बर्थ लागतो का, आणि खाण्याचं पथ्य लिहा. सोमवार धरणारे असतात, चतुर्थी करणारे असतात. जैन सहकाऱ्याचं जेवण सूर्यास्ताआधी व्हावं लागतं, म्हणजे त्याला संध्याकाळी सातची गाडी देताना आधी जेवणाचा विचार करायचा. हे एकदा विचारून लिहून ठेवलं की दर वेळी विचारावं लागत नाही, आणि समोरच्यालाही आपली कदर आहे असं वाटतं. विमानाचं तिकीट काढताना नाव आणि आडनावाच्या रकान्यांत ओळखपत्राप्रमाणेच भरा. आपल्याकडे आडनाव आधी लिहायची सवय असते, तिथेच गडबड होते.

आता रेल्वे. रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं, पण ऑफिसचं काम साठ दिवस आधी कळतं कुठे? त्यामुळे आपला संबंध वेटिंग आणि तत्काळशीच जास्त. लांबून येणाऱ्या गाडीला जळगावचा कोटा थोडा असतो. जळगावहून वेटिंग दाखवत असेल तर भुसावळपासून शोधा. मुंबई-पुण्याकडे जाणारी गाडी आधी भुसावळला येते, भाड्यात फार फरक पडत नाही, आणि बोर्डिंग जळगाव टाकता येतं. वेटिंगचा प्रकारही बघा. जीएनडब्ल्यूएल (सर्वसाधारण वेटिंग) पुढे सरकण्याची शक्यता जास्त, आरएलडब्ल्यूएल (मधल्या स्टेशनांचं) आणि पीक्यूडब्ल्यूएल (अनेक छोट्या स्टेशनांच्या एकत्र कोट्याचं) कमी सरकतात, आणि तत्काळच्या वेटिंगवर तर मी माणूस पाठवायचा बेत कधीच आखत नाही.

तत्काळ एसीचं सकाळी दहाला आणि स्लीपरचं अकराला उघडतं. जुलै २०२५ पासून आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं असल्याशिवाय ते ऑनलाइन मिळत नाही, आणि ओटीपी येतो. पहिला अर्धा तास एजंटला बुकिंग करता येत नाही, म्हणजे ‘एजंट बघून घेईल’ हा भरवसा तत्काळला कामाचा नाही. ज्यांचं जाणंयेणं सतत असतं त्यांची स्वतःची खाती आधारशी जोडून ठेवायला लावा, आणि दहा वाजता त्या माणसाला फोन हातात घेऊन आपल्या टेबलाशी बसवा.

तत्काळच्या तारखेबाबत एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं ते गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेच्या. नागपूरमार्गे येणारी हावडा-मुंबई मेल हावड्याहून संध्याकाळी निघते आणि जळगावला दुसऱ्या दिवशी रात्री येते. गुरुवारी रात्री आपला माणूस इथे चढणार असेल, तर ती गाडी हावड्याहून बुधवारी सुटलेली असते, आणि तत्काळ मंगळवारी सकाळीच उघडतं. बुधवारी दहाला बसाल तर हाती काही लागत नाही.

तारखेची दुसरी अडचण मध्यरात्रीची. जळगावला बऱ्याच गाड्या बाराच्या आगेमागे येतात. रात्री बारा वीसची गाडी ‘सोमवारी रात्री’ पकडायची म्हणजे तिकीट मंगळवारचं हवं. मी मेसेजमध्ये नुसती तारीख कधीच लिहीत नाही. “सोमवारी जेवून निघा, साडेअकराला स्टेशनवर, गाडी बारा वीसला, तिकिटावर मंगळवारची तारीख” असं सगळं लिहिते. वाचणाऱ्याला लांबड वाटली तरी चालेल.

खाजगी कंपनीत एकाच्या नावाचं तिकीट दुसऱ्या सहकाऱ्याच्या नावावर करून मिळत नाही, त्यामुळे ‘आधी काढून ठेवा, कोण जाईल ते मग ठरवू’ याला ठाम नाही म्हणा. कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे परत येत नाहीत. गाडी तीन तासांहून जास्त लेट झाली आणि जायचंच रद्द केलं, तर ती आपल्या स्टेशनवरून सुटण्याआधी टीडीआर (पैसे परत मागण्याचा ऑनलाइन अर्ज) भरला की पूर्ण रक्कम मिळते. हे थंडीत उपयोगी पडतं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीकडच्या गाड्या धुक्याने रखडतात, म्हणून त्या दिवसांत दिल्लीचं काम असलं तर मी आदल्या दिवशीच पोचवते.

दिवसा जाणाऱ्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली नागपूर-पुणे वंदे भारत जळगावला थांबते. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे महिला सहकाऱ्याच्या बिलात तेवढीच रक्कम धरा. मे महिन्यात मात्र दुपारी कोणाला साध्या गाडीने धाडू नका. इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि माणूस पोचेपर्यंत अर्धा होतो. पावसाळ्यात चाळीसगावमार्गे कन्नड घाटातून गाडी न्यायची असेल तर ड्रायव्हरला सकाळीच घाटाची चौकशी करायला लावा. तिथे दरड कोसळते.

राहण्याची गोष्ट पहाटे पाचपासून सुरू होते. हॉटेलचं चेक-इन बाराला किंवा दोनला, आणि आपला माणूस पाचला दारात. म्हणून ऑनलाइन बुकिंग केल्यावर स्वतः रिसेप्शनला फोन करून विचारायचं: पाचला खोली उघडाल का, त्याचे किती घ्याल, गरम पाणी किती वाजता येतं? फोनवर बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून घ्यायची, आणि तेच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून त्याच्याकडून ‘ओके’ घ्यायचं. लवकर खोली देत नसतील आणि दिवसाचंच काम असेल, तर मोठ्या स्टेशनवरची रिटायरिंग रूम बघा. कन्फर्म किंवा आरएसी (अर्धा बर्थ मिळालेल्या) पीएनआरवर ती ऑनलाइन मिळते. एका खोलीत दोघांना टाकायचं असेल तर दोघांनाही आधी विचारा. खर्च वाचतो म्हणून परस्पर जोड्या लावणं मला पटत नाही. घोरणारा आणि झोप हलकी असलेला एकत्र पडले तर दुसऱ्या दिवशीचं काम दोघांचंही बिघडतं.

महिला सहकारी एकटी जात असेल तर मी पहाटे उतरणारी गाडी शक्यतो घेत नाही. इलाज नसेल तर हॉटेलचीच गाडी स्टेशनवर बोलावते आणि ड्रायव्हरचा नंबर निघण्याआधी तिच्या आणि घरच्यांच्या हाती देते. त्यापायी चारशे-पाचशे जास्त गेले तर ते मंजूर करून घेणं माझं काम, तिने मागायची वेळ येऊ द्यायची नाही.

बुकिंगआधी कॅलेंडर उघडा. मोठ्या मुहूर्ताला जळगाव, धुळे, नंदुरबारला चांगल्या हॉटेलात खोली मिळत नाही, सगळी वऱ्हाडं तिथेच. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा असते, तेव्हा शहादा-दोंडाईचा बाजूचं काम पुढेमागे करा. आषाढीला एसटीच्या गाड्या पंढरपूरला जातात. २०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे, तिथे नेहमी जाणं असेल तर हॉटेलवाल्याशी आत्ताच बोलून ठेवा. परदेशी पाहुणा येणार असेल तर हॉटेल त्याची सरकारी नोंद (पूर्वीचा फॉर्म सी) भरतं का ते विचारा. ती चोवीस तासांत ऑनलाइन भरावी लागते, आणि पाहुणा कंपनीच्या गेस्ट हाउसला उतरला तर ती आपणच भरायची.

पैशांचं थोडक्यात. बुकिंग करतानाच कंपनीचा जीएसटी नंबर द्या, नंतर बिल बदलून घेताना जीव जातो. हॉटेल ज्या राज्यात, त्या राज्याचा जीएसटी लागतो. त्यामुळे सुरत-इंदूरच्या खोलीवरच्या कराचं क्रेडिट (भरलेला कर आपल्या करातून वजा करून घेणं) आपल्या महाराष्ट्राच्या नोंदणीवर मिळत नाही. तुलना करताना दर करासकट धरा. एका दिवसात एकाच पार्टीला दहा हजारांवर रोख देऊ नका, आयकरात तो खर्च धरत नाहीत. सर्व्हिसच्या पोरांना अ‍ॅडव्हान्स मात्र निघण्याआधीच द्या. स्वतःच्या पगारातून खर्च करून महिनाभर वाट बघायला लावणं चुकीचं आहे. बिलं त्यांनी फोनवर फोटो काढून रोजच्या रोज पाठवायची, कारण थर्मल कागदावरची शाई उन्हात उडते.

माणूस परत आला की दुसऱ्या दिवशी चहाला गाठा आणि खोलीचं विचारा. पाणी आलं का, रस्त्याचा आवाज होता का, सकाळी सहाला नाश्ता मिळाला का, रिक्षावाल्याने किती घेतले? उत्तर वहीत त्या हॉटेलच्या नावापुढे तारखेसह लिहा. “मागची खोली मागावी, पुढे ट्रकचा आवाज” एवढी ओळ पुरते. पुढच्या खेपेला रिसेप्शनला फोन लावाल तेव्हा ते पान समोर उघडं ठेवा.