बाइकचं चार्जिंग बंद पडलं तर बॅटरी किती वेळ तग धरेल? रस्त्यात कसं तपासायचं आणि घरी कसं पोचायचं

दिवेआगरहून पुण्याला परतताना माणगावच्या अलीकडे माझ्या बाइकचा हॉर्न घोगरा झाला. चहा पिऊन आलो, सेल्फ मारला, तर नुसतं टकटक. समोरच बॅटरीचं दुकान होतं. काकांनी सीटखाली डोकावून सांगितलं, "बसली दादा ही, नवीनच टाका." टाकली. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू, हॉर्न खणखणीत, मी खूश. निजामपूर मागे पडलं, ताम्हिणीची चढण लागली, आणि तीही कोरी करकरीत बॅटरी संपली. मोबाइलला रेंज नाही. भाजी उतरवून परत चाललेल्या टेम्पोत गाडी उभी बांधली आणि पिरंगुटला उतरलो.

काकांना दोष देत नाही. बॅटरी बसली होती हे खरंच होतं. ती का बसली, हे मी विचारलं नाही. बॅटरी क्वचितच एकाएकी मरते. बऱ्याचदा तिला मिळणारं अन्न बंद झालेलं असतं.

गाडी नेमकी कशावर चालते?

इंजिनच्या बाजूच्या कव्हरखाली चुंबक फिरतो आणि त्याच्या आत कॉइल असते. मेकॅनिक तिला मॅग्नेट कॉइल म्हणतात. तिच्यात तयार झालेला एसी करंट आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिटमध्ये जातो, म्हणजे पंख्यांसारख्या पट्ट्या असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या डबीत. तिथे त्याचा डीसी होतो, व्होल्टेज चौदाच्या आसपास रोखलं जातं आणि मग तो बॅटरीकडे येतो. यातला एक दुवा तुटला की गाडी बॅटरीतल्या शिलकीवर चालत राहते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

जुन्या शंभर सीसीच्या अनेक कार्ब्युरेटर गाड्यांत स्पार्कसाठीची वीज थेट मॅग्नेटमधूनच यायची. बॅटरी काढून घरात ठेवली तरी किक मारून गाडी ऑफिसला जायची. "बॅटरी गेली तर गेली, धक्का मारू" ही खात्री तिथून आली आहे. ती आता सोडा. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाल्यावर कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन जवळपास सगळ्या गाड्यांत आलं. चावी फिरवल्यावर टाकीतून 'झूंऽऽ' असा आवाज येतो ना, तो फ्युएल पंप. तो, इंजेक्टर आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), तिघेही बॅटरीवर. पंप फिरण्याइतकी वीज उरली असेल तर उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून गाडी उठू शकते. 'झूं'च आला नाही, तर धक्का मारून फक्त घाम येईल. गिअर नसलेली स्कूटर तर धक्क्याने उठतच नाही.

पायरी १: दोनदा मोजा

दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर गाडीच्या टूलकिटमध्ये कायम ठेवा. पाना नसला तर कुणीतरी देतं, मीटर कुणाकडेच नसतो.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. इंजिन बंद, चावी बंद, लाल टोक प्लसला, काळं मायनसला. थोडा वेळ उभ्या असलेल्या गाडीत १२.६ ते १२.८ दिसलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली गेलं तर तळ जवळ आला.

आता इंजिन सुरू करून आरपीएम चार-पाच हजारांवर न्या. आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान चढायला हवा. इंजिन चालू असताना तो १२.३, १२.२, १२.१ असा घसरत चालला असेल तर चार्जिंग होत नाही, आणि कितीही नवी बॅटरी टाकली तरी फरक पडणार नाही. माणगावला एवढं केलं असतं, तर टेम्पोवाल्याशी भाड्याची घासाघीस करावी लागली नसती.

आकडा १५ च्या वर गेला तर गोष्ट उलटी आहे. आरआर युनिट व्होल्टेज रोखत नाही आणि बॅटरी शिजते आहे. तिला सडक्या अंड्यासारखा वास येतो, अंग गरम लागतं, पोट फुगतं. अशा वेळी इंजिन बंद करून कॉइल आणि आरआर युनिटमधला कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा सॉकेट) काढा, त्याची टोकं टेपने नीट गुंडाळा (इंजिन फिरताना तिथे चांगलाच झटका बसेल एवढं व्होल्टेज असतं) आणि बॅटरीच्या शिलकीवर गाडी हाका. बॅटरी फुगली असेल किंवा गळत असेल तर मात्र पुढे जाऊच नका.

मीटर नसेल तर? जुन्या बुलेटच्या हेडलाइटवर अ‍ॅमीटर असायचा, काटा डावीकडे कलला की समजायचं. आता खुणा ओळखाव्या लागतात: हॉर्न बसलेला, बल्बवाले इंडिकेटर मंद, सेल्फ दाबताच डिजिटल मीटर विझून पुन्हा पहिल्यापासून सुरू होणं. एलईडी हेडलाइटवर मात्र विसंबू नका. तो बहुधा शेवटपर्यंत तसाच झगझगीत राहतो.

एक गोष्ट अजिबात करू नका. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि "गाडी बंद पडली नाही, म्हणजे चार्जिंग ठीक" असं म्हणायचं, ही जुनी गॅरेजची परीक्षा आहे. बॅटरी मधून गेली की व्होल्टेज उसळतं आणि त्या उसळीत ईसीयू जाऊ शकतो.

पायरी २: वाटेत दुरुस्त होतंय का बघा

आधी बॅटरीचे टर्मिनल हलवून बघा. स्क्रू ढिला असेल किंवा पांढरी-हिरवी बुरशी साठली असेल, तर खरवडून घट्ट करा. मग मुख्य फ्यूज.

त्यानंतर कॉइलपासून आरआर युनिटकडे जाणाऱ्या तीन वायरी शोधा. पुष्कळ गाड्यांत तिन्ही पिवळ्या असतात. त्यांच्या मधला पांढरा प्लॅस्टिकचा कपलर उघडा आणि नाकाजवळ न्या. माझ्या गाडीत एक पिन तपकिरी झाली होती, भोवतीचं प्लॅस्टिक वितळून गुळाच्या पाकासारखं ओघळून गोठलं होतं आणि वायरीचं आवरण बोटाने चुरगळत होतं. पिन ढिली झाली की तिथे रोध वाढतो, तिथेच उष्णता होते आणि पिन आणखी ढिली होते.

यावर रस्त्यावरचा इलाज आहे. इंजिन बंद करा, जळका कपलर कापून टाका, दोन्ही बाजूंच्या वायरी सोलून पीळ घाला आणि प्रत्येक जोड वेगवेगळा टेपने बंद करा. तिन्ही पिवळ्याच असतील तर कुठली कुठे जोडली याने फरक पडत नाही, कारण तीन फेजच्या एसीला आरआर युनिट कुठल्याही क्रमाने स्वीकारतं. आरआरपासून बॅटरीकडे जाणाऱ्या वायरींना मात्र ही सवलत नाही. तिथे उलट जोडलंत तर होता तो आरआरही जाईल.

कपलर ठीक असेल तर तो काढून मीटर एसी २०० व्होल्टवर न्या आणि इंजिन सुरू करून कॉइलच्या बाजूच्या तीन वायरी दोन-दोन करून मोजा: पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी. तिन्ही आकडे जवळपास सारखे आणि आरपीएमबरोबर वाढणारे हवेत. एखादी जोडी मागे पडली तर कॉइल जळलीय. इंजिन बंद करून यातली कुठलीही वायर आणि इंजिनचं उघडं लोखंड यांच्यात मीटर 'बीप' करत असेल तरी कॉइल गेलेली. कॉइल ठणठणीत असेल तर संशय आरआर युनिटवर आणि त्याच्या अर्थिंगच्या वायरवर. कॉइल किंवा आरआर रस्त्यात दुरुस्त होत नाही. मग पुढचा हिशेब लागतो.

पायरी ३: किती वेळ उरला?

बॅटरीवरचा एएच (अँपिअर-अवर, म्हणजे किती अँपिअर किती तास मिळतील) आकडा पाहा. ८ एएच धरू. साडेतीनशे सीसीच्या इंजेक्शनवाल्या गाडीचा खर्च ढोबळमानाने असा: पंपाला तीनेक अँपिअर, इग्निशन-इंजेक्टर-ईसीयूला मिळून दीड-दोन. म्हणजे नुसतं इंजिन चालू ठेवायला पाच. ५५ वॉटचा हॅलोजन हेडलाइट वर साडेचार घेतो. एकूण झाले जवळजवळ दहा.

आठ भागिले दहा म्हणजे ४८ मिनिटं, पण कागदावर. ८ एएच हा आकडा बहुधा दहा तास हळूहळू, ०.८ अँपिअरने काढल्यावर मिळणारा असतो. दहा अँपिअरने उपसलं तर तेवढं हाती येत नाही, आणि पूर्ण रिकामी होण्याआधीच पंप आणि ईसीयू हात टेकतात. दुकानातून आलेली बॅटरी पूर्ण भरलेली असेल असंही नाही. पैसे देण्याआधी तिलाही मीटर लावा. माझी 'नवी' चाळीसेक मिनिटांत का गेली, ते आता कळतं.

हेडलाइट काढला तर खर्च निम्मा होतो आणि तासभर, नशीब असेल तर थोडं जास्त मिळतं. ४५ च्या वेगाने पन्नासेक किलोमीटर. माणगाव ते पुणे शंभरेक किलोमीटर आहे आणि मध्ये घाट. गणित बसत नाही हे तिथेच कळलं असतं, तर मुक्काम केला असता.

पायरी ४: खर्च कमी करा

एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांत हेडलाइट बंद करायचं बटणच नाही. दिवसा, आणि फक्त दिवसा, हेडलाइटच्या मागचा कपलर काढा. संध्याकाळ झाली की तो परत लावावाच लागतो. अंधारात दिव्याशिवाय घाट उतरण्यापेक्षा ढाब्यावर झोपलेलं बरं.

फॉग लॅम्प, फोनचा चार्जर बंद. मागच्या ब्रेकवर पाय टेकवून चालवायची सवय असेल तर तोही उचला. २१ वॉटचा ब्रेक लाइट सतत पेटून पावणेदोन अँपिअर खातो. वळणावरचा हॉर्न मात्र वाचवू नका.

इंजिन बंद करू नका. सेल्फ काही सेकंद ऐंशी-शंभर अँपिअर ओढतो. एएचच्या हिशेबात ते किरकोळ आहे, पण अर्ध्या बॅटरीचं व्होल्टेज तेवढ्या ओढीने कोसळतं आणि ईसीयू बंद पडतो. पण इंजिन चालू ठेवून गप्पा मारायलाही थांबू नका. बॅटरी किलोमीटर नाही, मिनिटं मोजते आणि उभ्या गाडीतही पंप तेवढंच खातो. चांदणी चौकातली कोंडी घाटापेक्षा महाग पडते. लिक्विड कूल्ड गाडीचा फॅन तिथेच फिरायला लागतो आणि आणखी काही अँपिअर जातात.

पायरी ५: वाटेत भरून घ्यायची असेल तर

बॅटरी काढताना आधी मायनस, लावताना आधी प्लस. दुकानदाराला स्पष्ट सांगा की बॅटरी बाइकची आहे, ट्रकच्या चार्जरला लावू नका. नेहमीचं चार्जिंग एएचच्या दहाव्या भागाने, म्हणजे ८ एएचला ०.८ अँपिअर. घाई असेल तर दोन अँपिअर एकवेळ चालेल, हात लावून गरम होत नाही ना ते बघत. दोन तासांत चारेक एएच आत गेले, तर त्यात तुमची पाऊण तासाची वाटही जेमतेम निघते. जेवण, चहा, परत जेवण असा बेत करा.

जंप स्टार्टरकडून फार आशा नको. १०,००० एमएएच हा आकडा बहुधा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. १२ व्होल्टला ते तीन एएच होतात. गाडी सुरू होईल, पण घरापर्यंत चालणार नाही.

हलकी म्हणून लिथियम बॅटरी टाकली असेल तर दुप्पट सावध राहा. तिच्यावर छापलेला एएच कधीकधी 'एवढ्या लेड-अ‍ॅसिडच्या बरोबरीची' असा असतो. सेल्फची ताकद बरोबरीची असते, साठा पुष्कळ कमी. शिवाय तिचं व्होल्टेज तेराच्या आसपास शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग आतलं सर्किट एकदम तोडून टाकतं. लेड-अ‍ॅसिड निदान कण्हत कण्हत जाते. लांबच्या, एकट्याच्या प्रवासाला मी अजून तीच वापरतो, दीड-दोन किलो जास्त वाहून.

घरी पोचल्यावर

थकव्याने गाडी तशीच आठवडाभर लावून ठेवू नका. रिकाम्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ती खरंच मरते. त्याच रात्री दहाव्या भागाच्या करंटने चार्जिंगला लावा. सकाळी काढा, संध्याकाळपर्यंत तशीच ठेवा, मग मोजा. १२.६ टिकलं आणि सेल्फ मारताना आकडा दहाच्या आसपास सावरला, तर बॅटरी वाचली. माझी जुनी अशीच वाचली. अजून चालते, आणि माणगावची नवी कपाटात पडून आहे.

कॉइल बदलायची वेळ आली तर नवीनच घ्या. रिवाइंडिंग करून मिळते, चांगल्या हाताची टिकतेही, पण त्यात वापरलेली वार्निशची तार उष्णता सोसणारी आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. मेकॅनिकला कव्हरचं गॅस्केटही नवीन टाकायला सांगा. बऱ्याच गाड्यांत मॅग्नेट ऑइलमध्येच असतो आणि जुनं गॅस्केट गळतं. कपलर पुन्हा जुन्या पद्धतीचाच बसवायचा असेल तर पिना नव्या आणि घट्ट हव्यात. आरआर युनिटपुढे फॉग लॅम्पचा ब्रॅकेट किंवा पिशवी नको, त्याला वारा लागायला हवा. सगळं बसल्यावर मेकॅनिकसमोरच हेडलाइट लावून, पाच हजार आरपीएमला मीटर धरा. १४ दिसलं की मगच पैसे द्या.