व्हेरिकोज व्हेन्स: उपचाराला जाण्याआधीची तयारी

पायावर शिरा फुगून नागमोडी दिसू लागल्या की लोक थेट विचारतात, लेझर करायचं की ऑपरेशन? त्याआधी डॉप्लर सोनोग्राफी (शिरांत रक्त कोणत्या दिशेने वाहतं ते दाखवणारी तपासणी) करून घ्या. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. झडप निकामी झाली की रक्त उलटं येऊन साचतं, दाब वाढतो आणि शीर फुगते. फुगवटा पोटरीवर दिसतो, पण गळकी झडप अनेकदा वर जांघेपाशी असते. मूळ न शोधता नुसत्या वरवर दिसणाऱ्या शिरा बंद केल्या, तर त्रास पुन्हा डोकं वर काढतो.

ही तपासणी शक्यतो उभं राहूनच व्हावी, कारण आडवं झालं की शिरा रिकाम्या होतात. सैल कपडे घालून जा, पाय जांघेपर्यंत उघडा करावा लागतो. पोटरी दाबून सोडली जाते आणि अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ रक्त उलटं वाहिलं तर सहसा झडप गळते असं धरतात. रिपोर्टमध्ये कोणती शीर गळते आणि खोल शिरांत गुठळी आहे का, या दोन्ही गोष्टी हव्यातच. नसतील तर न संकोचता विचारा.

डॉक्टरांकडे जाताना संध्याकाळी काढलेले पायाचे फोटो न्या. सकाळच्या अपॉइंटमेंटला सूज उतरलेली असते आणि तक्रार किरकोळ वाटू शकते. घोट्याच्या आतल्या बाजूची त्वचा काळवंडली असेल, खाज येत असेल, जखम भरत नसेल तर ते आधी सांगा. अशा वेळी चालढकल नको. स्वतःला किंवा घरात कुणाला पूर्वी गुठळी झाली होती का, गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का, कशाची ॲलर्जी आहे का, हे लिहूनच न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका.

उपचार कोणता, हे डॉप्लरवरून ठरतं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक संस्थेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीच्या उष्णतेने शीर आतून बंद करणं पहिलं, ते जमत नसेल तर शीर बंद करणाऱ्या फोमचं इंजेक्शन आणि तेही जमणार नसेल तर शस्त्रक्रिया असा क्रम आहे. तुम्हाला वेगळं सुचवलं, तर कारण विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

स्टॉकिंग्ज, म्हणजे पायावर दाब देणारे घट्ट मोजे, सांगितले असतील तर माप सकाळी, सूज चढण्याआधी द्या. मधुमेह असेल किंवा तुम्ही धूम्रपान करत असाल, तर आधी पायाच्या धमन्यांतला रक्तप्रवाह तपासून घ्या. तो कमी असताना घट्ट मोजे घातक ठरतात. घालायची रीत घरी करून पाहा: मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल आत घालून टाच नीट बसवायची, मग थोडा थोडा वर सरकवायचा. कुठेही दुमड राहू द्यायची नाही, ती त्वचेत रुतते.

उपचाराच्या दिवशी पायाला तेल-क्रीम लावू नका, उभं करून शिरांवर पेनाने खुणा करतात त्या पुसल्या जातात. घरी न्यायला सोबत माणूस असू द्या. त्याच दिवशी चालायला लावतात, म्हणून आरामाचे बूट न्या. लांबचा प्रवास पुढे ढकला.

उपचारानंतर काळंनिळं होणं, शिरेच्या वाटेवर दोरीसारखं ओढल्यासारखं वाटणं अपेक्षितच आहे. पण पोटरी एकदम सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सी गाठा. शीर फुटून रक्त आलं तर आडवं व्हा, पाय छातीच्या वर उचला, स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि मदत बोलवा. घरातल्यांनाही हे आधीच सांगून ठेवा.