लाकडातला भारद्वाज : स्क्रोल सॉवर पहिला पक्षी कसा करावा

लाकडात पक्षी करायचा म्हटलं की जो तो मोर नाहीतर खंड्या निवडतो आणि तिथेच फसतो. वखारीत निळं लाकूड मिळत नाही! इन्टार्शियात, म्हणजे स्क्रोल सॉने (बारीक पात्याच्या, वळणं कापणाऱ्या करवतीच्या मशीनने) लाकडाचे तुकडे कापून चित्र जुळवायच्या या कलेत, रंग लावायचा नसतो. लाकडांचे मूळ रंग आणि त्यांच्या रेषा यांच्यातूनच चित्र उभं करायचं असतं. पंधराव्या शतकातले इटालियन कारागीर हे काम भिंतींच्या फळ्यांवर सपाट करत. आता तुकडे कमी-जास्त जाडीचे ठेवून, कडा गोल करून उठाव आणतात.

म्हणून पहिला पक्षी भारद्वाज. काळं अंग, तांबूस-विटकरी पंख, लाल डोळा. दोन लाकडांत काम भागतं. शिवाय घरात भारद्वाज दिसला म्हणून कोणी नाक मुरडणार नाही, आपल्याकडे तो शुभच. बघायला लांब जायला नको, नाशकात गोदाकाठच्या कुठल्याही झाडीत तो खाली-खाली फिरताना सापडतो. पुढच्या पक्ष्यांसाठी मात्र निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर गाठा. गोदावरी-कादवाच्या संगमावरची ही जागा रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत) गेलेली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ. तिथला शेकाट्या पाहून हात शिवशिवतील, पण त्याचे काडीसारखे पाय अखंड लाकडात टिकत नाहीत. तो ६ मिमी प्लायमध्ये नुसत्या छायाकृतीसारखा कापा. प्लायचे थर आडवे-उभे असल्याने पाय तुटत नाहीत आणि मशीनवर हातही बसतो.

आता लाकूड. काळ्या अंगाला शिसव. नवीन घ्यायचं तर बिल असलेल्या वखारीतूनच घ्या. पण एवढ्याशा कामाला जुन्या खुर्चीचा मोडका हात पुरतो. पंखांना बाभळीचा गाभा. जळाऊ ढिगातून तांबूस ओंडका निवडून चिरून घ्यायचा आणि चांगला वाळू द्यायचा. पक्षी बसतो ती फांदी फिकी हवी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत यंत्रं पाइनच्या खोक्यांतून येतात, ती फळी उत्तम. खोक्यावरचा शिक्का मात्र वाचा : ‘एचटी’ म्हणजे उष्णता दिलेलं लाकूड, ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे विषारी वायूची धुरी दिलेलं, ते घरात आणू नका. जुन्या नाशकातल्या पाडलेल्या वाड्याचा साग मिळाला तर नशीबच, फक्त आत लपलेले खिळे लोहचुंबकाने शोधा.

चित्र ३० सेमी लांबीचं काढा, तुकडे १२ ते १५. त्याहून जास्त नकोत. प्रत्येक तुकड्याला नंबर द्या आणि लाकडाची रेषा कुठल्या दिशेने धावणार त्याचा बाण काढा. सगळा पक्षी या बाणांत आहे. शेपटीत रेषा लांबीच्या दिशेने, पंखांत पिसाच्या कलाने, चोचीत टोकाकडे. चोचीत रेषा आडवी गेली तर टोक पहिल्या घासणीलाच तुटणार. पंखाचे तुकडे शक्यतो एकाच फळीतून, शेजारीशेजारी काढा, म्हणजे लाकडाची लहर एका पिसातून दुसऱ्यात जाते. बघणाऱ्याला नेमकं कारण कळत नाही, पण पंख खरा वाटतो.

झेरॉक्स तीन-चार काढा, सगळ्या मूळ चित्रावरूनच. प्रतीची प्रत काढली की माप किंचित बदलतं. एक प्रत अखंड ठेवायची. लाकडावर आधी पारदर्शक पॅकिंग टेप, त्यावर चित्राचा तुकडा ग्लू स्टिकने. टेपमुळे लाकूड करपत नाही आणि कागदही सहज निघतो.

पातं ५ नंबरचं, दात खाली. शिसव आणि बाभळीला ७ नंबर. पातं ताणून बसवा; टिचकी मारल्यावर ‘टण्’ असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. मग टेबल काटकोनात आहे का बघा : जाड तुकड्यात छोटी खाच कापा, तो तुकडा फिरवून पात्याच्या मागे न्या. पातं खाचेत अलगद गेलं तर ठीक, अडलं तर टेबल कललंय. हे न तपासता कापलेले तुकडे वरून जुळतात आणि खालून फाकतात. कापताना रेघेवरच राहा, लाकूड ढकलू नका. पातं बोथट झालं की आपण नकळत जोर लावतो आणि काप पोटाळतो. पात्याची कंजुषी करू नये.

तुकडे खिडकीच्या काचेवर जुळवून उजेड कुठून येतो ते पाहा आणि तेवढंच घासा. फटीत भुसा-फेव्हिकॉल भरायची युक्ती पॉलिशनंतर उघडी पडते. आणि सगळे तुकडे एकाच मोसमात कापा. मी एकदा अर्धे जुलैत कापले, उरलेले दिवाळीनंतर; पावसात फुगलेले आक्रसले आणि मानेपाशी बोट जाईल एवढी फट पडली.

उठावासाठी जवळचा पंख २२ मिमी, अंग १९, शेपटीचं टोक १२ पर्यंत उतरवा. शेजारच्या तुकड्याची उंची पेन्सिलने कडेवर उतरवून तिथपर्यंतच गोलाई द्या. पॉलिश पेपर १२०, १८०, २४०, ३२० या क्रमाने, कायम रेषेच्या दिशेने. शिसवीच्या भुशाने अनेकांना खाज-शिंका सुरू होतात, त्यामुळे मास्क, चष्मा हवाच आणि बाह्या घट्ट हव्यात. डोळ्यासाठी भोक पाडून नाशकाच्या मेन रोडवर मिळणारा लाल काचेचा मणी बसवा. कट्टर लोक लाकडाबाहेरची वस्तू लावत नाहीत. मला तो मणीच आवडतो.

प्रत्येक तुकड्याला सुटं असतानाच मॅट पॉलिशचे दोन हात द्या, तळ कोरा ठेवून. आधी चिकटवून मग घासलं तर शिसवीची काळी भुकटी पाइनमध्ये शिरते. लाखेचं पॉलिश पावसाळ्यात धुरकट पांढरं पडतं, तेव्हा ते काम कोरड्या दिवसांत काढा.

शेवटी जुळवलेल्या पक्ष्याची बाहेरची रेघ ६ मिमी प्लायवर उतरवा आणि २ मिमी आतून कापा, म्हणजे प्लाय दिसत नाही. कडा काळी करा. फेव्हिकॉलचे थेंब ठेवून तुकडे बसवा आणि वर वाळूच्या पिशव्या ठेवून रात्रभर सोडा. सकाळी पाठीला वरच्या कडेपाशी दोन बोटांच्या चिमटीत धरून पक्षी लोंबकळू द्या. जिथे धरल्यावर तो ना चोचीकडे झुकेल ना शेपटीकडे, तिथेच हूक.