वाटणाऱ्याच्या हातातली लबाडी कशी रोखावी

वाड्याच्या ढाळजेत किंवा मारुतीच्या पारावर मेंढीकोट या पत्त्यांच्या खेळाचा डाव बसला की वाद बहुतेक वेळा खेळण्यावरून नव्हे, तर वाटण्यावरून होतो. पिसणारा आणि वाटणारा एकच असतो, आणि काटण्याचे काम 'राहू दे' म्हणून सोडून दिले जाते. लबाडीला वाव मिळतो तो इथे. मेंढीकोटात भिडू समोरासमोर बसत असल्यामुळे वाटणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना प्रतिपक्ष असतो. म्हणून डावीकडच्याने पिसावे, उजवीकडच्याने काटावे आणि वाटणाऱ्याने फक्त वाटावे. हा नियम पहिल्या डावापासून सर्वांना सारखा लावला, तर कोणावर संशय घेतल्यासारखेही होत नाही.

बसताना ५२ पाने उघडी करून मोजावीत आणि नखाची खूण किंवा दुमडलेला कोपरा असलेला कॅट बाजूला ठेवावा.

सर्वांत जास्त लक्ष पिसण्याकडे द्यावे. जिंकलेल्या हातांत एकाच रंगाची पाने लागोपाठ पडलेली असतात. ते हात तसेच गोळा करून वरवर पिसले आणि चार-चार पाने वाटली, तर एका रंगाचा गठ्ठा सरळ एकाच्या हाती जातो, आणि दहिल्या (जिंकायची दहाची पाने) कुठे आहेत हे ज्याने लक्षात ठेवले त्याला तर सगळेच ठाऊक असते. आपल्याकडे पाने हातावर थोडी-थोडी सोडत पिसतात, त्यात असे गठ्ठे फुटत नाहीत. त्यापेक्षा पाने सतरंजीवर पालथी पसरून दोन्ही हातांनी मिनिटभर घोळावीत. कॅटचे दोन भाग करून पाने एकमेकांत फर्रकन मिसळण्याची पद्धत येत असेल, तर ५२ पानांसाठी तसे सात वेळा करावे, असे बेयर आणि डायाकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवले आहे.

काटताना कॅट वाटणाऱ्याच्या हातात नसावा, तो सतरंजीवर असावा. वरचा भाग उचलून बाजूला ठेवावा, खालचा त्यावर ठेवावा आणि सर्वांत खाली एक जोकर घालावा. त्यामुळे तळाचे पान झाकले जाते आणि ते कोणाला चोरून पाहता येत नाही.

वाटताना कॅट छातीकडे कलवलेला नसावा. तळाचे किंवा वरून दुसरे पान सरकवण्यासाठी कॅट एका हातात घट्ट धरावा लागतो, म्हणून तो खालीच ठेवून एका हाताने वरचे एकेक पान उचलून वाटणे हा उपाय मला सर्वांत खात्रीचा वाटतो. याला वेळ लागतो, पण तो द्यावा. रमीत टाकलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, म्हणून ती प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटले. वाटणीच खोटी असेल तर त्या कौशल्याचा काही उपयोग राहत नाही.

पाने उचलून पाहण्याआधी प्रत्येकाने आपली १३ पालथीच मोजावीत. एखादे कमी-जास्त निघाले, किंवा जोकर कोणाच्या वाट्याला गेला, तर चूक कोणाची याची चर्चा न करता सगळी पाने परत सतरंजीवर पसरावीत.